प्राथमिक आरोग्य केंद्र: मंजुरीपासून बाळंतपणापर्यंत

आर्थिक वर्ष संपत आले की आरोग्य विभागाच्या आढाव्यात एक ओळ हमखास असते: यंदा इतकी प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि इतकी उपकेंद्रे कार्यान्वित झाली. आकडा खोटा नसतो. पण तो नेमका कशाचा आहे? बांधून झालेल्या इमारतींचा, भरलेल्या पदांचा, की रात्री दोन वाजता सुखरूप पार पडलेल्या बाळंतपणांचा? महाराष्ट्राच्या ग्रामीण आरोग्यसेवेत या तीन गोष्टी क्वचितच एकत्र आल्या. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर ऐंशी वर्षे मागे जावे लागते.

ब्रिटिश सरकारने १९४३ साली सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य पाहणी व विकास समिती नेमली. तिचा अहवाल १९४६ साली आला. पैसे नाहीत म्हणून कोणालाही उपचार नाकारले जाऊ नयेत, हा त्या अहवालाचा पाया होता. उपचार आणि प्रतिबंध एकाच छताखाली हवेत, हा त्याचा दुसरा आग्रह. तातडीची व्यवस्था म्हणून दर ४०,००० लोकांमागे एक प्राथमिक केंद्र आणि तिथे दोन डॉक्टर, सार्वजनिक आरोग्य परिचारिका, सुईणी, औषधनिर्माता, स्वच्छता निरीक्षक असा ताफा सुचवला होता. दूरच्या टप्प्यात तर १०,००० ते २०,००० वस्तीसाठी ७५ खाटांचे केंद्र अभिप्रेत होते. आजच्या प्राथमिक केंद्रात साधारण सहा खाटा असतात. हे अंतर पाहिले की त्या अहवालाची झेप लक्षात येते.

त्याआधी गावांत काहीच नव्हते असे नाही. लोकल बोर्डांचे दवाखाने होते, मिशनरी रुग्णालये होती. मुंबई इलाख्यात एक वेगळी सोयही होती: खेड्यात राहून व्यवसाय करायला तयार असलेल्या डॉक्टरला सरकारी अनुदान द्यायचे आणि त्याच्याकडून गरिबांना औषधोपचार मिळवायचा. जुन्या जिल्हा गॅझेटियरांत अशा अनुदानित वैद्यकीय केंद्रांचे उल्लेख आढळतात. सेवा सरकारने स्वतः चालवायची की कोणाकडून करवून घ्यायची, हा वाद आज खासगीकरणाच्या चर्चेत नव्याने आल्यासारखा वाटतो, पण आपल्याकडे तो स्वातंत्र्याआधीपासूनचा आहे.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि प्रत्येक विकास गटाला एक प्राथमिक आरोग्य केंद्र देण्याचे धोरण आले. एका गटात शंभराच्या आसपास गावे आणि ६०,००० किंवा त्याहून जास्त लोक. भोर समितीने सुचवलेल्या तातडीच्या व्यवस्थेपेक्षाही हे पातळ होते. दहा वर्षांनी, १९६२ साली, मुदलियार समितीने बजावले की नवी केंद्रे उघडण्याआधी असलेली धड चालवा, आणि एका केंद्रावर ४०,००० पेक्षा जास्त लोकांचा भार टाकू नका. माझ्या मते पूर्ण इतिहासातला हा सर्वांत शहाणा सल्ला होता, आणि तोच सर्वांत कमी ऐकला गेला. नव्या केंद्राचे उद्घाटन होते. जुन्या केंद्रात रिकाम्या पदावर परिचारिका रुजू झाली, तर त्याची फीत कोणी कापत नाही.

त्याच वर्षी महाराष्ट्रात एक मोठा बदल झाला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे गेली. केंद्राचा कारभार जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. ग्रामीण रुग्णालये आणि जिल्हा रुग्णालय मात्र राज्य शासनाकडे, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत. गावातून निघालेली अडलेली बाई प्राथमिक केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात जाते तेव्हा ती एका व्यवस्थेतून दुसऱ्या व्यवस्थेत जाते. तिच्याबरोबरची चिठ्ठी पोहोचते, पण पुढे तिचे काय झाले हे पाठवणाऱ्या आरोग्यसेविकेला अनेकदा तिच्या घरूनच कळते. या रचनेचा फायदाही आहे. आरोग्य समितीच्या बैठकीत गटातला सदस्य उभा राहून ‘आमच्या केंद्रात डॉक्टर का नाही’ असे विचारू शकतो, आणि उत्तर देणारा अधिकारी समोर बसलेला असतो.

साठ आणि सत्तरच्या दशकांत हिवताप, देवी आणि कुटुंबनियोजन यांचे स्वतंत्र कार्यक्रम केंद्रांवर येऊन आदळले. प्रत्येकाचा वेगळा कर्मचारी, वेगळी वही, वेगळा वरिष्ठ. कर्तारसिंग समितीने १९७३ साली त्यावर बहुउद्देशीय कर्मचाऱ्याची कल्पना मांडली. आजची आरोग्यसेविका आणि आरोग्यसेवक ही पदे तिथून आली. कल्पना चांगली होती, पण शस्त्रक्रियांच्या उद्दिष्टाने तिला गिळले. कुटुंबनियोजनाचे ‘टार्गेट’ पूर्ण झाले की नाही यावर आरोग्यसेविकेचे वर्ष मोजले जाई, आणि आणीबाणीत तर हा दबाव माणुसकीच्या पलीकडे गेला. ही उद्दिष्टपद्धत अधिकृतपणे १९९६ साली थांबली. तोवर दोन पिढ्यांच्या मनात सरकारी दवाखाना म्हणजे ऑपरेशनचे शिबिर हे समीकरण बसले होते. लोक केंद्राकडे का फिरकत नाहीत, याचे उत्तर शोधताना हा काळ विसरता येत नाही.

याच काळात महाराष्ट्रातच दुसरी वाट दिसत होती. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात जामखेडला काम सुरू केले. गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना त्यांनी ग्रामीण आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले. गरोदर बाईला कोणत्या महिन्यात तपासायचे, जुलाब लागलेल्या मुलाला काय पाजायचे, कोणता ताप अंगावर काढायचा नाही, हे त्या शेजारणीच्या नात्याने सांगू लागल्या. डॉ. नोशीर अंटिया यांनी रायगडातल्या मांडव्याच्या परिसरात असाच प्रयोग केला. पुढे सप्टेंबर १९७८मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा येथील परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जागतिक जाहीरनामा मांडला, तेव्हा त्यातल्या अनेक गोष्टी आपल्याकडच्या गावांत आधीच करून पाहिलेल्या होत्या.

केंद्र सरकारनेही २ ऑक्टोबर १९७७ रोजी दर हजार लोकांमागे एक आरोग्यरक्षक नेमण्याची योजना आणली. तीन महिन्यांचे प्रशिक्षण, महिन्याला ५० रुपये मानधन. निवड गावाने करायची होती, पण प्रत्यक्षात ती बऱ्याच ठिकाणी गावातल्या वजनदार घरांच्या ओट्यावर झाली आणि बहुसंख्य पुरुषच निवडले गेले. बाळंतिणीच्या खोलीत त्यांना प्रवेश नव्हता. योजनेची नावे बदलत गेली आणि ती हळूहळू विरली.

ऐंशीच्या दशकात आजचे निकष पक्के झाले: सपाटीवर ३०,००० लोकांमागे प्राथमिक केंद्र आणि ५,००० मागे उपकेंद्र, डोंगरी व आदिवासी भागात २०,००० आणि ३,०००. संख्या झपाट्याने वाढली. २०१५ साली महाराष्ट्रात १,८११ प्राथमिक केंद्रे आणि १०,५८० उपकेंद्रे होती.

नवे केंद्र सुरू होते म्हणजे नेमके काय होते, ते इथे जरा जवळून पाहायला हवे. जनगणनेच्या आधारे बृहत आराखडा तयार होतो आणि त्यात गावाचे नाव आले की मंजुरी मिळते. मग जागा लागते. गावठाणात मोकळी जमीन नसते, म्हणून ग्रामपंचायत ठराव करून गायरानातला तुकडा देते, आणि केंद्र वस्तीपासून लांब जाते. दिवसा ते चालते. रात्री तिथे एकटी राहणारी परिचारिका मिळणे कठीण होते. बांधकामाची फाइल एका विभागात असते, पदनिर्मितीची दुसऱ्या, आणि तिला वित्त विभागाची संमती लागते. इमारत रंगवून तयार आणि पदे मंजूरच नाहीत, अशी वेळ येते ती यामुळे. पदे मंजूर झाली तरी ती भरावी लागतात. एमबीबीएस डॉक्टर मिळाला नाही तर बंधपत्रित डॉक्टर वर्षभरासाठी येतो, किंवा बीएएमएस वैद्यकीय अधिकारी केंद्र सांभाळतो. दुर्गम भागात कितीतरी केंद्रे याच वैद्यकीय अधिकाऱ्यांनी वर्षानुवर्षे चालवली आहेत, हे नोंदवायलाच हवे.

त्यानंतर येतात त्या बारीक गोष्टी, ज्यांच्यावर जीव अवलंबून असतो. लशी ठेवायच्या आयएलआरचे, म्हणजे बर्फाचे अस्तर असलेल्या खास फ्रिजचे, तापमान दोन ते आठ अंशांच्या मध्ये राहावे लागते. सकाळ-संध्याकाळ ते वहीत लिहावे लागते, रविवारी आणि दिवाळीतही. वीज गेली तर किती वेळ गेली ते ठाऊक असायला हवे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आटोक्यात आणणारे ऑक्सिटोसिनही थंडच ठेवावे लागते. खिडकीजवळच्या कपाटात महिनाभर पडलेली कुपी ऐन वेळी दगा देऊ शकते. प्रसूतिकक्षात बाळासाठी ऊब देणारे वॉर्मर हवे, ते चालू करता येणारी आणि न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास देऊ शकणारी परिचारिका हवी, आणि ती एकच असून भागत नाही. चोवीस तास सेवा म्हणजे तीन पाळ्या, शिवाय रजा आणि प्रशिक्षण. एका परिचारिकेच्या भरवशावर चालणारे केंद्र कागदावर चोवीस तास उघडे असते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी राज्य हादरले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. १९९५ साली आदिवासी भागासाठी नवसंजीवन योजना आली. पावसाळ्यापूर्वी धान्य पोहोचवणे, गाव-पाड्यांवर जाणारी डॉक्टरांची भरारी पथके, हे सारे तिच्यातले. निकषाप्रमाणे केंद्र असणे आणि पाड्यापर्यंत सेवा पोहोचणे यांतले अंतर सरकारने त्यातून प्रत्यक्ष मान्यच केले. दरम्यान गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने प्रशिक्षित गावकरी स्त्रीच्या हातून घरीच नवजात बाळाची काळजी घेऊन दाखवली. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पुढे २०११ साली ही पद्धत देशभर गेली. आज आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला पाहायला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. त्या सहा भेटींचे मूळ गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांत आहे.

१२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि पैशाचा ओघ खऱ्या अर्थाने वाढला. आशा आल्या, जननी सुरक्षा योजना आली, रुग्ण कल्याण समितीच्या हाती थोडा मोकळा निधी आला. छपराची गळती काढायला किंवा संपलेले हातमोजे आणायला जिल्ह्याच्या मंजुरीची वाट पाहायला नको, ही साधी मोकळीक किती मोलाची आहे ते केंद्रात काम केलेला माणूसच सांगू शकेल. २०१४ च्या जानेवारीत १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिका रस्त्यावर आल्या. याचा परिणाम दिसतो: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातली संस्थात्मक बाळंतपणे २००५-०६ साली ६४.६ टक्के होती, ती २०१५-१६ साली ९०.३ आणि २०१९-२१मध्ये ९४.७ टक्क्यांवर गेली. त्यात खासगी रुग्णालयांचा वाटा मोठा आहे, तरीही एका पिढीत घडलेला हा बदल लहान नाही.

मात्र अभियानाने मनुष्यबळ आणले ते कंत्राटी. अकरा महिन्यांचा करार, एक-दोन दिवसांचा खंड, पुन्हा करार. आशांना तर पगारच नाही, सुरुवातीला नुसता कामागणिक मोबदला. ज्यांच्यामुळे वरचे आकडे सुधारले, त्यांना आपल्या हक्काच्या मानधनासाठी वारंवार संपावर जावे लागते, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

अभियानातलीच आणखी एक गोष्ट कमी बोलली जाते: लोकाधारित देखरेख. २००७ साली अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत ती सुरू झाली. गावकऱ्यांनी सेवांचे प्रगतिपत्रक भरायचे, हिरवा-पिवळा-लाल शेरा द्यायचा आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचा. बाहेरून औषध आणायला लावले, पैसे मागितले, लसीकरणाची फेरी चुकली, असे प्रश्न तिथे थेट सुटले. वार्षिक आढावा अहवालापेक्षा हे पत्रक कितीतरी नेमके होते, कारण ते भरणाऱ्या बाईनेच ती सेवा घेतलेली होती.

२०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत सुरू झाले. पुढे त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव मिळाले. महाराष्ट्रात तिथे मुख्यतः बीएएमएस पदवीधर सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून रुजू झाले. रक्तदाब आणि मधुमेहाची औषधे उपकेंद्रातच मिळू लागली, हा फार मोठा दिलासा आहे. पूर्वी या गोळ्यांसाठी म्हाताऱ्या माणसाला एसटीने तालुक्याला जावे लागे. अधिकाऱ्याच्या मानधनाचा एक भाग ठराविक आणि एक भाग कामाच्या निर्देशांकांवर ठरतो. इथे काळजी घ्यायला हवी. निर्देशांक किती जणांचा रक्तदाब मोजला एवढेच पाहतील, तर मोजण्या वाढतील. किती जणांचा आटोक्यात राहिला हे पाहतील, तर औषधाचा साठा संपू न देण्याकडे लक्ष जाईल.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत आरोग्यावर खर्चायला देशभरात ७०,०५१ कोटी रुपयांची तरतूद केली. स्वतःची इमारत नसलेली उपकेंद्रे व प्राथमिक केंद्रे बांधणे, तपासण्यांची सोय करणे आणि उपकेंद्रांचे रूपांतर ही त्यातली ग्रामीण भागाची मुख्य कामे. अलीकडच्या आढाव्यांत ‘कार्यान्वित’ म्हणून येणाऱ्या अनेक इमारतींमागे हाच पैसा आहे. तो मुदतीचा आहे. इमारतीतली परिचारिका, आयएलआरची वीज आणि गोळ्यांचा साठा यांचा खर्च कायमचा आहे. म्हणून जिल्हा परिषदेच्या पुढच्या अंदाजपत्रकात नव्या केंद्रांच्या यादीशेजारी प्रत्येक केंद्रातली मंजूर पदे, भरलेली पदे आणि गेल्या वर्षी तिथे रात्री झालेली बाळंतपणे असे तीन रकाने छापायला हवेत. ही माहिती केंद्राच्या नोंदवह्यांत आधीपासून आहे.