इंजिन-प्लॅटफॉर्म फेरमांडणी

एखाद्या कारकंपनीकडे आज जी इंजिनं आणि जे प्लॅटफॉर्म (अनेक गाड्यांना सामायिक असा खालचा सांगाडा) आहेत त्यातलं काय ठेवायचं, काय बंद करायचं, काय कशाला जोडायचं याचा कंपनीबाहेरच्या जाणकार हौशी माणसाने केलेला आराखडा. गाडीचं नुसतं सुंदर चित्र काढलं तर ते यात धरत नाहीत. तीन सिलिंडरच्या इंजिनाला चौथा जोडावा का, कुठल्या दोन गाड्या एका फ्लोअरपॅनवर म्हणजे तळाच्या पत्र्यावर आणाव्यात, डिझेल कुठल्या गाडीत राहू द्यावं, अशा प्रश्नांची आकड्यांनिशी उत्तरं दिली तर ती फेरमांडणी. कंपनीत हेच काम प्रॉडक्ट प्लॅनिंगवाले करतात, त्यांच्या हातात खर्चाचे कागद असतात आणि हौशी माणसाच्या हातात नसतात, एवढा मोठा फरक सोडला तर विचार करायची रीत एकच आहे.

इंदूरच्या मराठी घरांमध्ये या विषयाला चांगली मुळं आहेत आणि त्याचं कारण पिथमपूर. धार जिल्ह्यातलं हे औद्योगिक क्षेत्र इंदूरहून रोज जाऊन-येऊन करण्याएवढं जवळ, आयशर, बजाज टेम्पो म्हणजे आताची फोर्स, हिंदुस्तान मोटर्सचा इंजिनांचा कारखाना, कायनेटिक होंडा हे सगळे तिथे आले, त्यामुळे रामबाग-लोकमान्यनगरकडच्या घरांत जेवताना टॉर्क नि टॉलरन्सच्या गप्पा होणं काही नवीन नाही.

उगम : एका सांगाड्यावर अनेक गाड्या ही कल्पना पहिली कोणाची यावर एकमत नाही. अमेरिकन लेखक जनरल मोटर्सचं नाव घेतात, १९२६ ला आलेली पाँटियाक शेवरोलेचे बरेच भाग घेऊन बनवलेली होती आणि कंपनीचा प्रमुख आल्फ्रेड स्लोन याच्या कारकिर्दीत किमतीच्या पायऱ्या वेगळ्या पण आतला माल सामायिक ही पद्धत पक्की बसली. जर्मन बाजूचे लोक फोक्सवॅगन बीटलकडे बघतात, कारण तिचं सपाट फ्लोअरपॅन बॉडीपासून बोल्ट काढून वेगळं करता यायचं आणि त्याच जातीच्या पॅनवर १९५५ ला कारमन घिया उभी राहिली. ब्रिटिश मंडळी बीएमसीचं म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं १९६२ चं ११०० मॉडेल पुढे करतात, ते मॉरिस, ऑस्टिन, एमजी, वुल्सली, रायली अशा कितीतरी नावांनी विकलं गेलं, पण तिथे बदलले ते मुख्यतः जाळी, बिल्ले नि आतली सजावट, म्हणून तो दावा जरा कच्चाच वाटतो.

आजच्या अर्थाने प्लॅटफॉर्म म्हणजे सामायिक पत्रा नव्हे तर काही ठरलेली मापं, आणि हा अर्थ धरला तर एका चौथ्या गाडीला जास्त मान द्यायला हवा असं वाटतं. ती म्हणजे १९६४ ची ऑटोबियांकी प्रिमुला. १९५९ च्या मिनीत इसिगोनिसने इंजिन आडवं बसवलं होतं खरं, पण गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली तेलाच्या सम्पमध्येच घातला, म्हणजे गिअरबॉक्स बदलायचा तर इंजिनालाच हात घालावा लागायचा. फियाटच्या दान्ते जियाकोसाने प्रिमुलात गिअरबॉक्स इंजिनाच्या टोकाला बसवला आणि दोन चाकांकडे जाणारे शाफ्ट लांब-आखूड केले. त्यामुळे इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा, दोन्ही स्वतंत्र बदलता येणारे. आज आपल्या रस्त्यावरच्या जवळजवळ सगळ्या छोट्या गाड्या याच मांडणीच्या आहेत, आणि फेरमांडणी नावाचा प्रकार शक्य झाला तो या सुटेपणामुळे.

हौशी माणसाने प्लॅटफॉर्मला प्रत्यक्ष हात घातल्याचं गाजलेलं उदाहरण मात्र बीटलचंच. कॅलिफोर्नियातल्या ब्रूस मेयर्सने १९६४ ला फायबरग्लासची मेयर्स मॅन्क्स बग्गी बनवली, पुढे या बग्ग्या बीटलचं फ्लोअरपॅन कापून आखूड करून त्यावर बनायला लागल्या.

भारतात : आपल्याकडे सुरुवातीला प्लॅटफॉर्म तोच ठेवून इंजिन बदलायचं एवढंच व्हायचं. मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली अँबॅसेडर, व्हॉक्सहॉल व्हिक्टरवरून आलेली काँटेसा, दोन्हीत आधी बीएमसी घराण्यातलं जुनं १४८९ सीसीचं इंजिन. मग हिंदुस्तान मोटर्सने इसुझूशी करार केला, पिथमपूरला इंजिन नि गिअरबॉक्सचा कारखाना टाकला आणि १८१७ सीसीचं इसुझू पेट्रोल इंजिन आधी काँटेसाला, मग १९९० च्या दशकात अँबॅसेडरलाही मिळालं. १९५० च्या दशकातल्या बॉडीत त्याहून बरंच नवं जपानी इंजिन, आणि गाडी खरंच बदलली, चढावर गिअर न पाडता जायला लागली. ज्यांनी हा बदल जवळून बघितला त्यांना इंजिन बदलून गाडीचं आयुष्य वाढतं हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. कारखान्याचा हा भाग २००५ ला अ‍ॅवटेक या कंपनीकडे गेला, अँबॅसेडर २०१४ ला थांबली.

दुसऱ्या टोकाला टाटा. १९९८ च्या इंडिकापासून निघालेला एक्स-१ प्लॅटफॉर्म बदलत बदलत २०१७ च्या नेक्सॉनपर्यंत पोचला. आणि फियाटचं १२४८ सीसीचं मल्टीजेट डिझेल तर मारुतीच्या स्विफ्टमध्ये, टाटाच्या व्हिस्टामध्ये, फियाटच्या पुंटोमध्ये, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांच्या गाड्यांत एकच इंजिन, लोक त्याला राष्ट्रीय इंजिनच म्हणायचे, एप्रिल २०२० ला बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले तेव्हा मारुतीने ते सोडून दिलं.

बोअर पिच : कुठलाही आराखडा टिकतो की पडतो ते इथे ठरतं, म्हणून जरा सविस्तर. शेजारच्या दोन सिलिंडरच्या मध्यबिंदूंमधलं अंतर म्हणजे बोअर पिच. ब्लॉक म्हणजे सिलिंडरचा मुख्य ठोकळा मशीन करणारी लाइन, क्रँकशाफ्ट, हेड म्हणजे वरचं झाकण, त्या दोघांमधलं गॅस्केट सगळं या एका अंतरावर बेतलेलं असतं. स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव वाढवायची तर क्रँक बदलून बरंच काही साधतं, पण पिच बदलायचा म्हणजे जवळजवळ नवीन कारखाना. शेवरोलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ चा पिच १९५५ ला ४.४ इंच ठरला आणि त्यानंतर इंजिन पिढ्यान्‌पिढ्या नव्याने डिझाइन झालं तरी तो आकडा हलला नाही. फोक्सवॅगनच्या ईए-२११ घराण्याचा पिच ८२ मिमी, त्यातूनच स्कोडा कुशाक नि फोक्सवॅगन टायगन या गाड्यांमधलं ९९९ सीसीचं तीन सिलिंडर आणि १४९८ सीसीचं चार सिलिंडर अशी दोन्ही येतात. बीएमडब्ल्यूच्या नव्या घराण्याचा ९१ मिमी, त्यावर तीन, चार, सहा सिलिंडर.

ज्याला हे डोळ्याने बघायचंय त्याने गॅरेजमध्ये हेड उतरवलेला ब्लॉक बघावा. वरून चार गोल तोंडं, आणि दोन तोंडांच्या मधे जो धातूचा पूल उरतो तो काही इंजिनांत बोटाच्या रुंदीचाही नसतो, गॅस्केट जळलं तर बहुतेक वेळा याच जागी काळा पट्टा पडतो, कारण इथेच उष्णता सगळ्यात जास्त आणि थंड करायला पाणी सगळ्यात कमी. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास मोठा करून सीसी वाढवा असं कोणी सहज म्हणतो तेव्हा तो या पुलातून धातू कमी करा असं म्हणत असतो.

याउलट सिलिंडर तोच ठेवून त्यांची संख्या बदलणं ही खरी मॉड्यूलर वाट, आणि तिचा नमुना इंदूरच्या उशाशी आहे. पिथमपूरला व्होल्वो-आयशरच्या पॉवरट्रेन कारखान्यात २०१३ पासून व्होल्वो समूहासाठी मध्यम क्षमतेची इंजिनं बनतात, पाच लिटरचं चार सिलिंडर आणि आठ लिटरचं सहा सिलिंडर. ११० मिमी बोअर, १३५ मिमी स्ट्रोक, एका सिलिंडरला सुमारे १.२८ लिटर, चारने गुणा नि सहाने गुणा, दोन्ही इंजिनं समोर येतात. फेरमांडणीवर लिहिणाऱ्या प्रत्येकाने आधी हा गुणाकार समजून घ्यावा, निम्मे वाद तिथेच मिटतील.

एका सिलिंडरचं माप : पेट्रोल कारसाठी एका सिलिंडरला साधारण ४०० ते ५०० सीसी चांगलं असं बहुतेक इंजिनवाले मानतात. त्याहून लहान केलं तर घनफळाच्या मानाने भिंतीचं क्षेत्रफळ वाढतं, उष्णता भिंतीतून जाते, घर्षणही वाढतं, त्याहून खूप मोठं केलं तर ज्योत टोकापर्यंत पोचायच्या आत नॉकिंगचा, म्हणजे उरलेलं मिश्रण आपोआप पेटून ठोके बसण्याचा धोका. या दृष्टीने २०२४ च्या स्विफ्टमधला बदल बघण्यासारखा आहे, जुनं चार सिलिंडरचं ११९७ सीसी गेलं आणि नवीन तीन सिलिंडरचं आलं तेही ११९७ सीसीच, म्हणजे एका सिलिंडरला सुमारे ३०० चे ४०० सीसी झाले. चार सिलिंडर परत आणा असं हौशी मंडळी कळकळीने म्हणतात ते थरथरीमुळे, तीन सिलिंडरच्या क्रँकला पुढे-मागे डोलायची सवय असते आणि ते स्टिअरिंगला जाणवतं, हा आक्षेप खरा आहे पण मायलेजचं पारडं दुसऱ्या बाजूला जड आहे.

टाटाबद्दलची मागणी जरा वेगळी, सिलिंडरचं माप तेच ठेवून संख्या वाढवायची. टियागो-नेक्सॉन घराण्याचं तीन सिलिंडर ११९९ सीसी, म्हणजे एकाला ४००, त्याला चौथा जोडला की सुमारे १६०० सीसी. कागदावर फार सुरेख, पण घोडं अडतं ते करात. २००६ च्या अर्थसंकल्पाने लहान गाडीची व्याख्या केली, लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल १२०० आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत, आणि उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्के. ती रेघ आजही तशीच आहे, २२ सप्टेंबर २०२५ पासून रेघेच्या आत १८ टक्के जीएसटी आणि बाहेर ४० टक्के. म्हणजे १६०० चं इंजिन लहान गाडीत घालणं परवडत नाही, ते मोठ्या गाडीपुरतंच उरतं, मग तेवढ्या विक्रीवर लाइनचा खर्च निघणार का हे आराखड्यात लिहिलंच पाहिजे.

प्लॅटफॉर्मची ठरलेली मापं : व्हीलबेस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर वाढवणं तुलनेने स्वस्त. महाग असतं ते पुढच्या चाकाच्या मध्यापासून पेडलपर्यंतचं अंतर, कारण त्या टापूत इंजिन, स्टिअरिंग, एसी, ब्रेक आणि धडकेत चेपणारे रेल असं सगळं दाटीने बसलेलं असतं. फोक्सवॅगनने २०१२ ला आणलेल्या एमक्यूबी प्लॅटफॉर्ममध्ये नेमकं हेच अंतर कायम ठेवलं, बाकी मापं मोकळी सोडली, आणि पेट्रोल-डिझेल सगळी इंजिनं १२ अंश मागे कललेली, एक्झॉस्ट मागे, अशी एकसारखी बसवली. कुशाकखाली त्याचीच भारतीय आवृत्ती आहे.

टाटाच्या २०१९ च्या हॅरियरचा ओमेगा प्लॅटफॉर्म लँड रोव्हरच्या डी-८ वरून आलेला, मग जग्वार लँड रोव्हरचं इंजेनियम इंजिन त्यात का नाही हा प्रश्न हौशी लोक आजही विचारतात, आणि तो अडाणी प्रश्न नाही. हॅरियरचं १९५६ सीसी डिझेल फियाट घराण्यातलं, बोअर ८३ मिमी, इंजेनियमचाही ८३ मिमी, आणि डी-८ च्याच डिस्कव्हरी स्पोर्टमध्ये इंजेनियम आडवं बसतंही. पण एक ओतीव लोखंडाचा ब्लॉक, दुसरा अ‍ॅल्युमिनियमचा, आणि फियाटचं इंजिन रांजणगावला आधीच बनत होतं. जागा होती, हिशोब जमत नव्हता. अशा ठिकाणी हौशी माणसाने सुचवलेली वाट चूक ठरत नाही, ती वेगळ्या किमतीच्या गाडीची असते एवढंच.

सराव : विद्यार्थ्यांसाठी सगळ्यात चांगली शाळा म्हणजे बाजा एसएई इंडिया, स्वतः गाडी बांधून उतरवायची स्पर्धा. २००७ ला पिथमपूरच्या चाचणी केंद्रात ती सुरू झाली, तेच आताचं नॅट्रॅक्स, जिथे २०२१ ला ११.३ किमीचा हायस्पीड ट्रॅक खुला झाला. पेट्रोल गटात सगळ्यांना एकाच जातीचं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं एक सिलिंडरचं इंजिन असायचं, त्यात छेडछाड नाही, मग जे काय करायचं ते फ्रेम, सस्पेन्शन नि गिअरमध्ये करा. दिलेल्या इंजिनाभोवती गाडी रचणं म्हणजे फेरमांडणीचा अर्धा धडा तिथे हातानेच शिकून होतो.

इलेक्ट्रिक : इथे बोअर पिचची जागा सेलच्या मापाने घेतली आहे. बॅटरी जमिनीत पसरलेली असल्यामुळे सेलची उंची ठरली की फ्लोअरची उंची ठरते, त्यावरून सीटची नि छताची. महिंद्राने आपल्या इंग्लो या इलेक्ट्रिक प्लॅटफॉर्मसाठी फोक्सवॅगनच्या एमईबी या इलेक्ट्रिक प्लॅटफॉर्मचे काही घटक घेण्याचा पुरवठा करार २०२४ च्या सुरुवातीला केला, त्यात एकाच मापाचे सेलही आहेत.