अनंत चतुर्दशीची झांकी (इंदूर)

इंदूर शहरात भाद्रपद शुद्ध चतुर्दशीच्या रात्री निघणारी, दिव्यांनी उजळलेल्या हलत्या देखाव्यांची मिरवणूक. सरकारी कागदांत हिचे नाव ‘चल समारोह’. लोकांच्या तोंडी नुसती ‘झांकी’. दिवेलागणीला निघते आणि दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत चालते. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीशी हिची तुलना हमखास होते, पण ती फारशी जुळत नाही. पुण्यात रथावर गणपती बसलेला असतो आणि डोळे त्याच्याकडे लागलेले असतात. इंदुरात डोळे देखाव्याकडे असतात. गणपतीच्या निमित्ताने सगळे शहर कापड मिलच्या कामगारांची कारागिरी बघायला रात्रभर रस्त्यावर येते.

मिलशिवाय ही झांकी समजत नाही. (इंदूरचा मराठी माणूसही ‘मिल’च म्हणतो, ‘गिरणी’ हा मुंबईचा शब्द.) तुकोजीराव होळकर दुसरे यांच्या काळात संस्थानची कापड मिल उभी राहिली. पुढे मालवा, हुकुमचंद, राजकुमार, कल्याण, स्वदेशी आणि भंडारी या मिल निघाल्या, आणि भोंग्याच्या वेळेवर शहराचा दिवस चालू लागला. १९२० च्या दशकात सर सेठ हुकुमचंद यांच्या मिलमध्ये कामगारांच्या गणेशोत्सवाला जोडून देखावे काढण्याची प्रथा पडली. एका मिलने काढली की दुसरी कशी मागे राहील? थोड्याच वर्षांत प्रत्येक मिलची स्वतःची झांकी झाली आणि खात्याखात्यांतली ईर्षा रस्त्यावर उतरली. सुरुवातीचे देखावे बैलगाड्यांवर असत.

होळकरांचा गणपती याहून वेगळा. होळकरी पगडी घातलेली ती मूर्ती राजवाड्यात बसते आणि तिचा मान दरबारी परंपरेतला आहे. झांकी मात्र पहिल्यापासून कामगारांची.

नवलाची गोष्ट पुढची आहे. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. बाकीच्याही मागेपुढे बंद झाल्या. भोंगा गेला, पगार गेला, पण झांकी गेली नाही. कामगारांच्या गणेशोत्सव समित्या वर्गणी गोळा करत राहिल्या. इंदूर विकास प्राधिकरण आणि नगर निगम (महापालिका) यांच्याकडून मदत मिळू लागली, तरी ती वेळेवर व पुरेशी मिळत नाही ही तक्रार दरवर्षी श्रावणात ऐकू येते. हुकुमचंद मिलच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकीत देण्यांपोटी २२४ कोटी रुपये सुटले ते २५ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे मिल बंद पडल्यावर ३२ वर्षांनी. मधल्या काळात कित्येक कामगार वारले. त्या सगळ्या वर्षांत, करोनामुळे खंड पडलेली २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे सोडली, तर मिलच्या नावाचा फलक लावलेली झांकी निघतच राहिली. ज्या मिलमध्ये एक चातीही फिरत नाही, तिच्या नावाचा पुकारा आजही राजवाड्यावर होतो.

झांकी बनवायला महिना-दीड महिना लागतो. लांब ट्रॉलीवर लोखंडी सांगाडा, त्यावर बांबू, कापड, कागदाचा लगदा, प्लास्टर आणि थर्मोकोल. पुतळे नुसते उभे नसतात. रावणाची मान फिरते, कालिया फणा डोलवतो, गोपी गिरक्या घेतात. यामागची युक्ती मिलमधल्या माणसाला परकी नाही: एक मोटर, तिला पट्टा, पट्ट्यावर चाक आणि चाकाच्या केंद्रापासून जरा बाजूला जोडलेला दांडा. चाक गोल फिरते, दांडा पुढेमागे होतो, पुतळ्याचा हात वरखाली. वीज मागून येणाऱ्या जनरेटरची. साध्या बल्बच्या माळांची जागा आता एलईडीने घेतली आहे. उजेड वाढला, पण पिवळ्या बल्बची ऊब गेली असे जुनी माणसे म्हणतात, आणि ते खोटे नाही. विषय बहुतेक रामायण, महाभारत आणि कृष्णलीलेतले. त्यांच्या जोडीला अहिल्याबाई, स्वातंत्र्यलढा, शहराची स्वच्छता. २०२३ साली चांद्रयानही.

अंधारात दिव्यांचे रथ फिरवण्याची कल्पना आज थीम पार्कमुळे जगभर ओळखीची झाली आहे. कॅलिफोर्नियातील डिस्नीलँडमध्ये विजेच्या दिव्यांची प्रसिद्ध मिरवणूक १७ जून १९७२ रोजी सुरू झाली. इंदूरची झांकी तेव्हा पन्नाशीला टेकली होती. तिथे रस्ता पार्कचाच, तिकीट काढून आत यायचे, आणि आज चुकली तर उद्या आहेच. इंदुरात रस्ता बाजाराचा, वर विजेच्या तारा, भाद्रपदातला पाऊस कधीही येणार म्हणून पुतळ्यांसाठी प्लास्टिक तयार, आणि चुकली तर वर्षभर थांबायचे.

दोन झांक्यांच्या मधली जागा आखाड्यांची. उस्ताद आणि खलिफा (आखाड्याचे प्रमुख) फेटे बांधून पुढे चालतात. मागे पोरे लाठी, तलवार आणि बनेठी (टोकांना पेटते बोळे लावलेली काठी) फिरवतात. मुलींचे आखाडेही असतात आणि टाळ्या त्यांनाच जास्त पडतात. परीक्षक झांक्यांना आणि आखाड्यांना वेगवेगळे क्रमांक देतात. निकालावरून कुरबूर झाली नाही असे वर्ष विरळा.

सर्वांत पुढे खजराना गणेश मंदिराची झांकी, मग प्राधिकरण व नगर निगमच्या, त्यामागून मिलच्या. चिकमंगळूर चौकातून जेल रोड, महात्मा गांधी मार्ग, नंदलालपुरा, जवाहर मार्ग, नरसिंह बाजार, सीतलामाता बाजार, गोराकुंड आणि खजुरी बाजार असे करत मिरवणूक सातमजली राजवाड्यासमोर येते. अंतर पायी तासाभराचेही नाही, पण झांकी दर चौकात थांबते, कुठे तार बांबूने उचलावी लागते, कुठे आखाडा रंगात आलेला असतो.

बघणारे देवास, महू आणि आसपासच्या गावांतून दुपारपासूनच येऊन बसतात. जवाहर मार्गावरच्या ओळखीच्या दुकानाचा ओटला मिळाला तर सर्वांत चांगले. रामबागेतली मराठी कुटुंबे आजी, नातवंडे आणि सतरंजीसकट तिथे ठाण मांडतात. दोन झांक्यांत मोठी फट पडली की घरातले एकजण सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफ बाजारात, जाऊन भुट्ट्याचा (मक्याच्या कणसाचा) कीस घेऊन येतो. मक्याचा हंगाम तोच असतो. गराडू (तळलेला कंद) मागू नये, तो थंडीत मिळतो. राजवाड्यापाशी उभे राहणाऱ्याने मात्र रात्रभराची तयारी ठेवावी: शेवटच्या मिलची झांकी तिथे पोचते तेव्हा बहुधा दिवे मालवायची वेळ झालेली असते आणि शेजारच्या टपरीवर पोह्यांचा पहिला घाणा उतरलेला असतो.