वीस मुलाखतींवर विश्वास कसा ठेवायचा?

ठाणे खाडीतली मासळी घटली, असं नवी मुंबईतल्या दिवाळे-सारसोळ्याचे कोळी सांगतात. समजा, एका संशोधिकेनं त्यांतल्या वीस जणांशी बोलून प्रबंध लिहिला. पहिला आक्षेप ठरलेला: वीसच? पण किती टक्के लोकांना काय वाटतं, हे तिला मोजायचंच नाही. खाडी बदलली हे कोळ्यांना कशावरून कळतं आणि मग ते काय करतात, हे तिला समजून घ्यायचंय. तिथे आकड्याचा निकष अपुरा पडतो.

यिव्होना लिंकन आणि एगॉन गुबा या अमेरिकी अभ्यासकांनी १९८५ साली अशा गुणात्मक, म्हणजे मोजण्यापेक्षा समजून घेण्यावर भर देणाऱ्या, संशोधनासाठी चार प्रश्न पुढे ठेवले. निष्कर्ष विश्वसनीय आहेत का? दुसरीकडे लागू पडतील का? कामाची पद्धत सुसंगत आहे का? आणि हे सगळं माहितीतूनच निघालं, की संशोधकाच्या मनात आधीपासून होतं?

पहिला प्रश्नच सर्वांत अवघड. वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलामुळे कोळ्यांना द्यायच्या भरपाईचा वाद हायकोर्टात गेला होता. अशा ठिकाणी वही घेऊन आलेल्या पाहुणीला लोक काय सांगतील, हे ती कोण वाटते यावरही ठरतं. म्हणून पुन्हा पुन्हा जायचं, होडीवाल्यांशी बोलायचं तसं ओहोटीला चिखलात उतरून चिंबोऱ्या धरणाऱ्या बायकांशीही. दोघांचं म्हणणं जुळलं नाही तर कुणी खोटं बोलतंय असं नाही. दोघं खाडीचे वेगवेगळे भाग बघतात.

लिहिलेलं परत नेऊन दाखवण्याची पद्धत फार वाखाणली जाते. मला ती जरा कच्ची वाटते. लोक चहा पाजतात आणि म्हणतात, ‘बरोबर आहे मॅडम.’ त्यापेक्षा खरा कस लागतो तो ‘माझं तर बरं चाललंय’ म्हणणाऱ्या एकविसाव्या माणसाशी गाठ पडल्यावर. त्याला तळटीपेत ढकलायचं नाही. जाळं कुठलं, हंगाम कुठला, मासळी कुठली, हे विचारायचं. त्याच्यामुळे ‘मासळी घटली’ हे विधान ‘अमुक मासळी, अमुक जाळ्यात घटली’ असं बदललं, तर संशोधन पुढे सरकलं.

लागू पडण्याचा प्रश्न वाचकानं सोडवायचा. उरणच्या वाचकाला तुलना करता यावी इतका बारीक तपशील मात्र लेखिकेनं द्यायला हवा. आणि इथेच पेच येतो. ‘दोन होड्यांचा मालक, पूर्वी मच्छीमार सोसायटीचा चेअरमन’ एवढं लिहिलं, की नाव लपवूनही अख्खा कोळीवाडा त्याला ओळखतो. मग काही तपशील मुद्दाम बदलावे लागतात, आणि ते बदलले आहेत हे प्रबंधात सांगावंही लागतं.