एशियाड की सॅग? गुवाहाटी-शिलाँग आणि जकार्ता-पालेमबांगचा घोळ

खेळाडूच्या ओळखीत ‘आशियाई स्पर्धेत सुवर्ण’ असं वाचलं की पहिला प्रश्न विचारायचा, कुठली आशियाई? २०१६ ची दक्षिण आशियाई स्पर्धा (सॅग, जुनं नाव सॅफ) गुवाहाटी आणि शिलाँगमध्ये झाली, तर २०१८ ची आशियाई स्पर्धा, म्हणजे एशियाड, जकार्ता आणि पालेमबांगमध्ये. दोन वर्षांचं अंतर, दोन्हीकडे दोन-दोन शहरं, त्यामुळे बातम्यांत सर्रास गल्लत होते.

एशियाड १९५१ साली दिल्लीत सुरू झालं. ते ऑलिम्पिक कौन्सिल ऑफ एशियाचं. २०१८ ला त्यात ४५ संघ उतरले होते. सॅग १९८४ ला काठमांडूत सात देशांनिशी सुरू झाली. गुवाहाटी-शिलाँगला आठ देश होते: भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मालदीव आणि अफगाणिस्तान. चीन, जपान, कोरिया, इराण, कझाकस्तान यांपैकी कुणीच नाही, आणि पदकाचं वजन ठरतं ते इथेच. २०१६ ला भारताने ३०० हून जास्त पदकं मिळवली. २०१८ च्या समारोपाला आपली सुवर्णं होती १५. मिश्र रिलेतल्या बहरीनच्या संघातली धावपटू उत्तेजक चाचणीत अडकल्यावर ती १६ झाली. म्हणून जुन्या बातम्यांत एक आकडा दिसतो आणि आजच्या तक्त्यात दुसरा.

फरक कबड्डीत सगळ्यात लख्ख दिसतो. सॅगमध्ये पुरुष आणि महिला, दोन्ही सुवर्णं भारताची. पुरुषांनी अंतिम सामन्यात पाकिस्तानला एका गुणाने हरवलं. जकार्तात पुरुष उपांत्य फेरीत इराणकडून हरले आणि महिला अंतिम सामन्यात, त्याही इराणकडूनच. खो-खोचं सुवर्णपदक मात्र सॅगचंच असणार. २०१६ ला खो-खो पदकासाठी होता. एशियाडमध्ये तो १९८२ ला दिल्लीत फक्त प्रदर्शनीय खेळ म्हणून आला होता.

आता शहरांकडे. गुवाहाटी आणि शिलाँग दोन वेगळ्या राज्यांत असली तरी मधलं अंतर घाटरस्त्याने साधारण १०० किलोमीटर. उद्घाटनंही दोन झाली, ५ फेब्रुवारीला गुवाहाटीत आणि दुसऱ्या दिवशी शिलाँगला. शिलाँगकडे बॉक्सिंग, ज्युदो, तायक्वांदो, वुशू, बॅडमिंटन, टेबल टेनिस, तिरंदाजी आणि महिला फुटबॉल गेलं. अशी विभागणी सोयीची, कारण बहुतेक खेळ एका छपराखाली मावणारे आणि त्यांचे पंच, वजनकाटा, सरावाची जागा तिथल्या तिथे. पण शिलाँग सुमारे १५०० मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवा विरळ असल्याने बॅडमिंटनचं शटल लांब जातं, थंडीने ती दाट झाली की आखूड पडतं. त्यामुळे सपाटीवरचं शटल तसंच वर नेऊन चालत नाही. मागच्या रेषेवरून खालून पूर्ण जोराने मारून बघायचं. समोरच्या मागच्या रेषेच्या अलीकडे ५३ ते ९९ सेंटिमीटरमध्ये पडलं तर वेग बरोबर. रेषेजवळ किंवा पलीकडे गेलं तर कमी वेग-आकड्याचं, म्हणजे संथ शटल घ्यायचं.

जकार्ता जावा बेटावर, पालेमबांग सुमात्रावर. मध्ये समुद्र, म्हणून विमान. त्यामुळे पालेमबांगला अख्खे खेळच पाठवले होते: नेमबाजी, रोइंग, टेनिस, ट्रायथलॉन, सेपाक टकरॉ (पायाने खेळायचा व्हॉलीबॉलसारखा खेळ) आणि इथेही महिला फुटबॉल. (दुसरं शहर आलं की महिला फुटबॉल तिकडेच का धाडतात, हे संयोजकांना विचारायला हवं.) त्यामुळे कोल्हापूरच्या राही सरनोबतचं २५ मीटर पिस्तूलमधलं सुवर्ण आणि नाशिक जिल्ह्यातल्या दत्तू भोकनळच्या चमूचं रोइंगमधलं सुवर्ण ‘जकार्ता एशियाड’चं म्हटलं जात असलं, तरी दोन्ही मिळाली पालेमबांगच्या जकाबारिंग क्रीडासंकुलात. बातमीत ठिकाण लिहिताना हीच चूक नेहमी होते.

अर्ज, यादी किंवा प्रमाणपत्र तपासताना वर्ष, शहर आणि समोरचा देश, तिन्ही बघा. प्रतिस्पर्धी उझबेकिस्तानचा असेल तर ती सॅग नाही. नुसतं ‘जकार्ता-पालेमबांग’ दिसलं तरी लगेच एशियाड धरू नका. २०११ ला याच दोन शहरांत सी गेम्स, म्हणजे दक्षिण-पूर्व आशियाई स्पर्धा झाली. त्यात ११ देश होते आणि भारत त्यांत नव्हता.