सरखेल

मराठेशाहीतील आरमारप्रमुखाचा किताब. पुढे तो आंग्रे घराण्यात वंशपरंपरेने चालू राहिला. शब्द मूळचा समुद्राचा नव्हेच. ‘सर’ म्हणजे प्रमुख आणि ‘खैल’ म्हणजे घोडेस्वारांची तुकडी. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत तिथला सरदार मीर जुमलाही ‘सर-इ-खैल’ होता, पण त्या पदाचा आरमाराशी संबंध नव्हता. घोडदळातली ही पदवी कोकण किनाऱ्यावर येऊन दर्यावर्दी झाली. शिवकालात आरमारी अधिकाऱ्यांसाठी ‘दर्यासारंग’ हे नाव अधिक परिचित होते.

सतराव्या शतकाच्या अखेरीस सिधोजी गुजर यांच्यानंतर आरमाराची सूत्रे कान्होजी आंग्रे यांच्याकडे आली आणि ‘सरखेल’ म्हणजे कान्होजी असे समीकरण झाले. छत्रपतींच्या घरातल्या दुहीत ते आधी ताराबाईंच्या बाजूला होते. 1713 मध्ये शाहू महाराजांनी त्यांच्यावर पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना धाडले, तर कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केले. बळाने काम होत नाही म्हटल्यावर बाळाजी विश्वनाथ यांनी बोलणी लावली. कान्होजी शाहूंकडे आले. त्यांचे सरखेलपद, खांदेरी-कुलाब्यापासून विजयदुर्गापर्यंतचे किल्ले आणि त्यांखालचा मुलूख कायम झाला.

पदाची खरी गोम याच तहात आहे. किल्ले, मुलूख आणि परक्या जहाजांना द्यायच्या दस्तकांचे (समुद्रात फिरण्याच्या परवान्यांचे) उत्पन्न असल्याने सरखेल आपले आरमार स्वतःच पोसत असे. छत्रपतींना त्याचा खर्च पडत नव्हता, पण हुकूमही फारसा चालत नव्हता. असे पद घराण्यात मुरले की ते नोकरी राहत नाही, वतन होते. आणि वतन म्हटले की भाऊबंदकी आलीच.

1729 मध्ये कान्होजी वारले. थोरले पुत्र सेखोजी सरखेल झाले, पण 1733 मध्ये तेही गेले आणि त्यांचे भाऊ संभाजी व मानाजी यांच्यात वाद पेटला. थोरल्या बाजीरावांनी तो वाटणी करून मिटवला. दक्षिणेकडील किल्ल्यांसह ‘सरखेल’ किताब संभाजींकडे राहिला, तर कुलाबा मानाजींकडे जाऊन त्यांना ‘वजारतमाब’ हा निराळा किताब मिळाला. भांडण शमले, पण कान्होजींचे एकसंध आरमार दुभंगले. हे दुभंगणे पेशव्यांना नकोसे होते असे म्हणणे कठीण.

संभाजींनंतर त्यांचे भाऊ, विजयदुर्गचे तुळाजी सरखेल झाले. ते पेशव्यांना जुमानत नव्हते. 1755 मध्ये पेशवे आणि इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला. तिथे नांगरून ठेवलेले आंग्र्यांचे आरमार जळून गेले. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेले ते सुटलेच नाहीत. पुढे विजयदुर्गी पेशव्यांचे स्वतःचे आरमार उभे राहिले आणि धुळप घराणे त्याचे सुभेदार म्हणून पुढे आले.

कुलाब्याची शाखा मात्र टिकली. दुसरे रघोजी 1838 मध्ये वारले, त्यांचा तान्हा मुलगाही 1839 मध्ये गेल्यावर औरस वारस उरला नाही आणि ईस्ट इंडिया कंपनीने दत्तक नाकारून संस्थान खालसा केले. भारतीय नौदलाच्या मुंबईतील तळाला 1951 मध्ये ‘आंग्रे’ हे नाव देण्यात आले. कान्होजींची समाधी अलिबाग येथे आहे.