उभयचर विमान

धावपट्टीवरून आणि पाण्यावरून, दोन्हीकडून उडू व उतरू शकणारे विमान. नुसत्या सीप्लेनला चाके नसतात; उभयचराला असतात, आणि ती आत ओढून घेता येतात. काहींचे पोटच नावेसारखे असते (कॅटालिना पीबीवाय-5ए, जपानचे यूएस-2), तर काहींत साध्या विमानाखाली दोन फ्लोट, म्हणजे नावेच्या आकाराचे पोकळ तरंगते भाग, बसवतात.

दोन फ्लोट मिळून विमानाच्या वजनाच्या 180 टक्के भार पेलतील इतके मोठे असावे लागतात. प्रत्येकात किमान चार जलरोधक कप्पे असतात. उड्डाणापूर्वी प्रत्येक कप्प्यातले पाणी हातपंपाने उपसतात. एकाच कप्प्यातून रोज जास्त पाणी निघू लागले, की तिथे गळती आहे असे समजावे.

फ्लोटच्या तळाला मध्याजवळ एक आडवी पायरी असते. वेग वाढला की तिच्यामागे हवा शिरते, तळाला चिकटलेले पाणी सुटते आणि विमान पायरीवर घसरू लागते. ही पायरी नसती तर पाण्याने विमानाला सोडलेच नसते. या टप्प्यावर नाक प्रमाणाबाहेर खाली किंवा वर ठेवले, तर विमान डुचमळू लागते. प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. तो आवरत नसेल तर लगेच इंजिनाची शक्ती कमी करावी.

खरा धोका मात्र चाकांचाच. चाके खाली ठेवून पाण्यावर टेकले, तर ती पाण्यात अडून विमान क्षणात पालथे होते. उलट चूक, म्हणजे चाके वर ठेवून धावपट्टीवर उतरणे, बहुधा फ्लोटचा तळ खरवडण्यावर निभावते. म्हणून उतरण्यापूर्वी ‘पाणी आहे, चाके वर’ असे मोठ्याने म्हणायचे, चाकांची स्थिती दाखवणारे दिवे पाहायचे (अनेक विमानांत पाण्यासाठी निळे, जमिनीसाठी हिरवे) आणि जमल्यास चाके डोळ्यांनी बघायची.

आरशासारखे शांत पाणीही फसवते, कारण उंचीचा अंदाजच येत नाही. अशा वेळी किनाऱ्याजवळून, थोडी शक्ती ठेवून, मिनिटाला सुमारे 150 फूट या संथ गतीने टेकेपर्यंत खाली यावे.

कॅनडाचे सीएल-415 पाण्यावरून घसरत 12 सेकंदांत सुमारे 6,100 लिटर पाणी भरून घेते आणि वणव्यावर टाकते. महाराष्ट्रात 2014 साली जुहू विमानतळावरून पवना धरणाच्या जलाशयापर्यंत सेवा सुरू झाली होती. एका टोकाला धावपट्टी, दुसऱ्या टोकाला पाणी; असा प्रवास उभयचरच करू शकते.

समुद्रात उतरलेले विमान त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावे लागते. चाकांचे बेअरिंग आणि ती वर ओढणारी यंत्रणा मिठाने सर्वांत आधी गंजते. तिथे वारंवार ग्रीस भरत राहावे लागते.