गोरोंगोसाच्या बिनसुळ्यांच्या हत्तिणी: युद्धाची पार्श्वभूमी

मोझांबिकमधील गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानात सुळे नसलेल्या हत्तिणी मोठ्या संख्येने आढळतात. भारतीय वाचकाला यात नवल वाटणार नाही, कारण आपल्याकडच्या हत्तिणींना बाहेर दिसणारे सुळे बहुधा नसतातच. आफ्रिकेत मात्र नर आणि मादी दोघांनाही ते असतात. तेथील या वेगळेपणाचे मूळ यादवी युद्धात आहे.

आफ्रिकेतील महाखचदरीच्या दक्षिण टोकाशी, उरेमा सरोवराभोवतीच्या सव्हाना गवताळ मैदानांवर पसरलेले हे क्षेत्र १९२० मध्ये शिकारीसाठी राखले गेले आणि १९६० मध्ये पोर्तुगीज राजवटीने त्याला राष्ट्रीय उद्यान घोषित केले. १९७५ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि दोनच वर्षांत फ्रेलिमोचे सरकार व रेनामोचे बंडखोर यांच्यात युद्ध पेटले. उद्यानाचा परिसरच रणभूमी झाल्याने १९८३ मध्ये ते बंद करावे लागले. मांसासाठी रानम्हशी आणि झेब्रे, तर हस्तिदंतासाठी हत्ती मारले गेले. १९९२ च्या शांतता करारानंतर तर शिकाऱ्यांना रान मोकळेच मिळाले. बहुतेक मोठ्या तृणभक्षक प्राण्यांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. अडीच हजारांवर असलेले हत्ती अडीचशेच्या आसपास उरले.

मारणाऱ्यांना सुळे हवे असल्याने जन्मतः बिनसुळ्यांच्या हत्तिणी अधिक प्रमाणात वाचल्या. युद्धापूर्वी माद्यांमध्ये त्यांचे प्रमाण सुमारे साडेअठरा टक्के होते, ते युद्धानंतर जवळपास एक्कावन्न टक्क्यांवर गेले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हा गुण एक्स गुणसूत्राशी जोडलेला असून नर गर्भाला तो बहुधा घातक ठरतो. म्हणूनच बिनसुळ्यांचे नर तेथे दिसत नाहीत. गोळीबार थांबल्यानंतर जन्मलेल्या अनेक माद्यांमध्येही तो आईकडून उतरला आहे.

२००४ पासून अमेरिकी उद्योजक ग्रेग कार यांच्या संस्थेच्या सहकार्याने पुनरुज्जीवन सुरू झाले आणि प्राण्यांची संख्या वाढली, पण निरनिराळ्या प्राण्यांचे एकमेकांशी असलेले जुने प्रमाण परतले नाही, ही बाब यशाच्या कौतुकात झाकली जाते. वॉटरबक हरणे युद्धापूर्वी काही हजारच होती, ती पन्नास हजारांच्या पुढे गेली. रानम्हशी मात्र पूर्वीच्या चौदा हजारांच्या जवळपासही पोहोचल्या नाहीत. बिबटे आणि रानकुत्रे नाहीसे झाल्याने झुडपांत राहणारी बुशबक हरणे निर्धास्तपणे उघड्या मैदानात चरू लागली होती; संशोधकांनी बिबट्याचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवताच ती पुन्हा आडोसा शोधू लागली. रानकुत्र्यांचा पहिला कळप २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणून येथे सोडण्यात आला.